खारट नमुने, आयसीपी आणि पहिला अर्धा मीटर: प्रकल्प नोंदी

काम असं होतं: समुद्राच्या पाण्याइतकी खारट द्रावणं, म्हणजे लिटरमागे साधारण ३० ते ३५ ग्रॅम क्षार, आणि त्यातलं शिसं, कॅडमियम, तांबं, जस्त, मँगनीज मोजायचं. पुढे यादीत बोरॉन आणि आर्सेनिकची भर पडली. यंत्र आयसीपी-ओईएस, म्हणजे नमुना आर्गॉनच्या तापलेल्या प्लाझ्मात सोडून मूलद्रव्यांचा प्रकाश मोजणारं. टॉर्च, म्हणजे प्लाझ्मा जिच्यात पेटतो ती क्वार्ट्झची नळी, उभी. पहिला अर्धा मीटर म्हणजे नमुन्याची बाटलीपासून प्लाझ्मापर्यंतची वाट.

सुरुवातीची जोडणी नेहमीच्या पातळ नमुन्यांचीच होती. द्रावणाचा फवारा करणारा काचेचा कॉन्सेंट्रिक नेब्युलायझर (आत द्रावणाची केशनळी, तिच्याभोवती वायूचं कडं), मोठे थेंब गाळणारं काचेचं सायक्लोनिक स्प्रे चेंबर, फवारा प्लाझ्मात सोडणारा २ मिलिमीटरचा क्वार्ट्झ इंजेक्टर. पॉवर ११५० वॉट. आर्गॉन मिनिटाला: प्लाझ्माला १२ लिटर, सहायक १ लिटर, नेब्युलायझरला ०.७० लिटर. यट्रियम इंटर्नल स्टँडर्ड म्हणून टी-जोडातून नमुन्यात मिसळत होतं, म्हणजे सगळ्यांत ते सारखंच, आणि त्याचा सिग्नल जेवढा घसरेल तेवढी बाकीच्या वाचनांना दुरुस्ती.

नोंदी त्या त्या संध्याकाळी लिहिल्या आहेत. चुका तशाच ठेवल्या आहेत, कारण खारट नमुने पहिल्यांदा लावणाऱ्या कुणाकडूनही नेमक्या याच होतील असं मला वाटतं.

३ मार्च

कॅलिब्रेशन सुरेख आलं. २ टक्के नायट्रिक आम्लातली पाच स्टँडर्ड (माहीत प्रमाणाची द्रावणं), सगळे आलेख सरळ. मग नमुने लावले. यट्रियम पहिल्या नमुन्याला ९६ टक्के, सहाव्याला ८२, चौदाव्याला ६१. मधे लावलेल्या १ मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या तपासणी स्टँडर्डमध्ये कॅडमियम (२१४.४३८, म्हणजे मोजलेल्या प्रकाशरेषेची नॅनोमीटरमधली तरंगलांबी) दुरुस्तीनंतर ९८ टक्के मिळालं, जस्त (२१३.८५७) मात्र ८८. नुसता फवारा कमी पडत असता तर यट्रियमच्या दुरुस्तीने दोन्ही सारखेच जागेवर यायला हवे होते. हे मला आज सुचलं नाही, घरी जाताना सुचलं.

आज मी दोष प्लाझ्माला दिला. बंद केला, अर्धा तास थांबले, पुन्हा पेटवला. वीस मिनिटं सगळं छान चाललं, म्हणून "गरम व्हायला वेळ लागत असेल" असा निष्कर्ष वहीत लिहूनही टाकला. तो साफ चूक होता. पुन्हा पेटवण्याआधी मी दहा मिनिटं पाणी ओढू दिलं होतं आणि टोकावरचं मीठ त्या पाण्याने विरघळलं होतं. अख्खा दिवस गेला.

४ मार्च

सकाळी नेब्युलायझरचा पाठदाब बघितला. पाणी ओढत असताना १९५ किलोपास्कल. खारट नमुना लावल्यावर चाळीस मिनिटांत २६०. प्रवाह नियंत्रक ०.७० लिटर सोडतोच आहे, पण तेवढाच वायू ढकलायला त्याला जास्त जोर लावावा लागतोय. म्हणजे वायूची वाट चिंचोळी होतेय.

ही खूण ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: पाठदाब वाढला तर मीठ वायूच्या कड्यात बसलंय. पाठदाब तसाच राहून सिग्नल पडला तर आधी द्रावणाची वाट बघा. म्हणजे केशनळीत कण, पंपाची चेपलेली नळी किंवा सुटलेला जोड. या एका आकड्यावरून अर्धा शोध संपतो. माझ्या यंत्रावर तो पहिल्या दिवसापासून दिसत होता, मी बघत नव्हते.

नेब्युलायझर काढून दहापट भिंगाखाली धरला. टोकाभोवती पांढरी कड. आर्गॉन अगदी कोरडा असतो. तो टोकाशी वेगाने सुटतो तेव्हा काठावरचं खारट पाणी वाळवतो, आणि मीठ नेमकं वायू बाहेर पडतो त्याच फटीत धरतं.

इथवर ठीक होतं. मग मी तो साफ करायला अल्ट्रासॉनिक बाथमध्ये दोन मिनिटं ठेवला. बाहेर काढला तेव्हा मीठ गेलेलं होतं आणि आतल्या केशनळीच्या टोकाचा टवका उडालेला होता. ही केशनळी मागच्या बाजूलाच धरलेली असते, पुढचं टोक मोकळं. कंपनाने ते बाहेरच्या काचेवर आपटतं. टोकात तार घालू नये हे मला माहीत होतं, बाथचं माहीत नव्हतं. दुसरा नेब्युलायझर कपाटात नव्हता. नवा यायला आठ दिवस लागणार.

साफ करायची बरोबर रीत प्रयोगशाळेतल्या ताईंनी नंतर सांगितली: कोमट पाण्यात भिजवायचा, मग पातळ नायट्रिकमध्ये रात्रभर, आणि मग टोकाकडून उलटं पाणी ढकलायचं, म्हणजे कण आला त्याच वाटेने परत जातो.

६ मार्च

अडगळीच्या खोक्यात व्ही-खाचेचा नेब्युलायझर सापडला. यात द्रावण बारीक केशनळीतून जातच नाही. उघड्या खाचेतून ओघळतं आणि खाचेतल्याच एका भोकातून येणारा आर्गॉन त्याचा फवारा करतो. भोकाभोवती सतत ओल असते, त्यामुळे मीठ धरायला जागा मिळत नाही. तो स्वतःहून द्रावण ओढत नाही, पंप लागतोच.

चाळीस नमुने न अडता गेले. यट्रियम शेवटी ९४ टक्के. एवढा आनंद मला बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.

पण तीन वाचनांमधला आरएसडी (वाचनं सरासरीभोवती किती टक्के विखुरली ते) २.८ टक्के, आणि कॅडमियमचा सिग्नल कॉन्सेंट्रिकच्या जेमतेम अर्धा. याचा फवारा जाडा असतो. मोठे थेंब चेंबरमध्येच गळून ड्रेनला जातात. सिग्नलचं काही करता येणार नाही, पण २.८ टक्के एकट्या नेब्युलायझरचे आहेत असं वाटत नाही.

७ मार्च

मँगनीजची २५७.६१० रेष सलग दोन मिनिटं नोंदवली. आलेख सरळ नाही, लाटांचा आहे, आणि लाटा अगदी सारख्या अंतरावर. पंपाचा वेग वाढवला तर लाटा जवळ आल्या, कमी केला तर लांब गेल्या. म्हणजे नळी चेपत द्रावण पुढे ढकलणारे पंपाचे रोलरच.

ताई आलेख बघून म्हणाल्या, "पंपाची नळी शेवटची कधी बदललीस?"

"ताई, तुम्ही सुट्टीवर जायच्या आधी."

"म्हणजे महिना झाला. काढ आणि बोटांत फिरवून बघ."

नळी एका बाजूने सपाट झाली होती. शिवाय मी क्लॅम्प पूर्ण आवळला होता, गळू नये म्हणून. आवळलेली नळी जास्त चेपते, जास्त धक्के देते आणि लवकर मरते.

आता करते ते असं. क्लॅम्प इतका सैल करायचा की ओढणं थांबेल. मग हळूहळू आवळत जायचं, द्रावण सरकू लागलं की थांबायचं, आणि वर फक्त अर्धा फेरा. नळीत मुद्दाम एक हवेचा बुडबुडा सोडायचा आणि तो सरकताना बघायचा. अडखळत गेला तर क्लॅम्प अजून सैल आहे. नवी नळी पहिला अर्धा तास ताणत राहते, त्या वेळात कॅलिब्रेशन करायचं नाही. रात्री क्लॅम्प सोडून ठेवायचा.

शिवाय नळी बारीक केली. आधी पांढऱ्या-पांढऱ्या टोकणांची (टोकणांच्या रंगावरून नळीचं माप कळतं) १.०२ मिलिमीटरची होती आणि पंप हळू. आता काळ्या-काळ्या टोकणांची ०.७६ मिलिमीटरची आणि पंप वेगात. द्रावण जातं तेवढंच, मिनिटाला १ मिलिलिटर, पण धक्के लहान आणि जवळजवळ येतात, चेंबरमध्ये पोचेपर्यंत विरून जातात.

आरएसडी १.६ टक्के.

८ मार्च

प्लाझ्मा दोनदा विझला. दुसऱ्यांदा विझण्याआधी चेंबरमधून गुळगुळ आवाज आला आणि मी वळून बघेपर्यंत ज्योत गेली.

कालचा धडा मी ड्रेनच्या नळीलाही लावला होता, म्हणजे तिचाही क्लॅम्प सैल केला होता. आत मिनिटाला एक मिलिलिटर येतंय आणि बाहेर त्याहून कमी जातंय. चेंबरच्या तळाशी तळं साचलं, वायू त्यातून बुडबुडे काढत जायला लागला, दाब हेलकावे खायला लागला आणि शेवटी पाण्याचा घोट टॉर्चमध्ये गेला. टॉर्च काढणं, धुणं, वाळवणं, पुन्हा जागेवर बसवणं यात तीन तास.

ड्रेनची नळी नमुन्याच्या नळीपेक्षा जाडच हवी. आता निळ्या-निळ्या टोकणांची १.६५ मिलिमीटरची आहे. ती बरोबर चालतेय हे ओळखायचं कसं? तिच्यात हवा आणि पाणी आलटूनपालटून, सारख्या लांबीच्या तुकड्यांत सरकताना दिसलं पाहिजे. नुसतं पाणी दिसलं तर ड्रेन मागे पडतोय.

चेंबर उघडलंच होतं म्हणून एक गोष्ट करून बघितली. वजन केलेल्या बाटलीतून दहा मिनिटं पाणी ओढलं आणि ड्रेनचं पाणी दुसऱ्या वजन केलेल्या बाटलीत धरलं. आत गेलं १०.१ ग्रॅम, बाहेर आलं ९.८. म्हणजे प्लाझ्मापर्यंत पोचतं शंभरातलं जेमतेम तीन. पुस्तकात हे वाचलेलं होतं. ड्रेनची भरलेली बाटली हातात धरल्यावर त्याचा अर्थ कळला. तीन टक्क्यांचे साडेतीन झाले तरी माझं वाचन सहाव्या हिश्शाने वर जातं. चेंबरचं तापमान, भिंतीवरची ओल, ड्रेनचा हेलकावा या सगळ्यांचा परिणाम एवढा का होतो ते यात आलं.

९ मार्च

चेंबरच्या काचेवर पाणी पसरत नाहीये, थेंब धरून बसतंय. थेंब मोठा झाला की एकदम ओघळतो, आणि प्रत्येक ओघळीबरोबर सिग्नल हलतो. चेंबर प्रयोगशाळेतल्या डिटर्जंटच्या घट्ट द्रावणात रात्रभर बुडवून ठेवलं.

१० मार्च

आज काच पूर्ण ओली, एकही थेंब नाही. आरएसडी १.१ टक्के, तेही व्ही-खाचेच्या नेब्युलायझरवर. चेंबर बसवताना नेब्युलायझरच्या ओ-रिंगवर बोट फिरवलं तर एका ठिकाणी चीर लागली. बदलली. त्या चिरेतून हवा आत जात असणार. ८ तारखेला पहिल्यांदा प्लाझ्मा विझला तो त्यामुळे की ड्रेनमुळे, हे आता सांगता येणार नाही, कारण मी दोन्ही दुरुस्त्या झाल्यावरच पुन्हा चालवून बघितलं.

१२ मार्च

नवा नेब्युलायझर आला. काचेचाच कॉन्सेंट्रिक, पण जास्त क्षारांसाठीचा, यात केशनळीचं टोक बाहेरच्या काचेपेक्षा किंचित आत असतं. सोबत आर्गॉन ओला करणारी बाटली मागवली होती. नेब्युलायझरला जाणारा आर्गॉन तेवढा पाण्यातून बुडबुडे काढत जातो. प्लाझ्मा आणि सहायक वायूच्या वाटा कोरड्याच राहतात. ही बाटली दाब सहन करणारीच हवी. साधी काचेची बाटली घेऊन घरगुती जुळणी करू नका, आत दोन वातावरणांच्या वर दाब असतो.

मी बाटली खुणेच्या वर भरली. आर्गॉन सोडल्यावर पाणी उसळून वायूच्या नळीत चढलं आणि प्लाझ्मा थुंकल्यासारखा करायला लागला. लगेच बंद केला, नळी आर्गॉननेच वाळवली, बाटली निम्मी केली. एक तास गेला.

त्यानंतर सलग साठ नमुने. पाठदाब सुरुवातीला २०५, शेवटी २१२. यट्रियम ९७ टक्के. ३ तारखेला चौदाव्या नमुन्याला ६१ टक्के होतं. ओला आर्गॉन ही या सगळ्या प्रकल्पातली सर्वांत सोपी दुरुस्ती निघाली आणि मी ती सर्वांत शेवटी केली.

१३ मार्च

आज नमुना प्लाझ्मापर्यंत नीट पोचतोय तेव्हा प्लाझ्माकडे बघते. जस्त अजूनही खारट नमुन्यात कमी येतंय. साध्या पाण्यात आणि खारट पाण्यात सारखंच जस्त घातलं तर खारटात ८४ टक्के.

मॅग्नेशियमची आयनाची रेष २८०.२७० आणि अणूची २८५.२१३, यांच्या तीव्रतेचं गुणोत्तर काढलं. ते १० च्या वर असलं तर प्लाझ्मा मॅट्रिक्सला, म्हणजे नमुन्यातल्या बाकीच्या क्षारांना, दाद देत नाही असं धरतात. आपल्या यंत्रावर दोन रेषांची संवेदनशीलता सारखी नसेल तर आधी ती दुरुस्ती लावायला हवी, नुसत्या आकड्यांचं गुणोत्तर फसवतं. माझं आलं ६.५. पॉवर १४०० वॉट केली, नेब्युलायझरचा वायू ०.६० लिटरवर आणला, गुणोत्तर १०.४ झालं. वायू कमी केला की नमुना प्लाझ्मात हळू जातो, जास्त वेळ तापतो. तांब्याचा सिग्नल पाचव्या हिश्शाने पडला. जस्त खारटात ९५ टक्के झालं. हा सौदा मला मान्य आहे.

मग एक चूक. इंजेक्टरच्या वरचा प्रवाह मध्यात आहे का ते डोळ्यांनी बघायला १००० मिलिग्रॅम प्रतिलिटर यट्रियम ओढलं. दिसतं फार सुंदर: खाली लालभडक टोकदार गोळी आणि तिच्यावर निळा पट्टा. पण माझं इंटर्नल स्टँडर्डही यट्रियमच! नळ्यांत, टी-जोडात, चेंबरच्या भिंतीवर ते बसून राहिलं आणि पुढचा दीड तास इंटर्नल स्टँडर्ड १३० टक्क्यांवरून खाली येतच राहिलं. सगळ्या नळ्या बदलल्या तेव्हा थांबलं. सोडियमने हेच काम होतं, आणि माझे नमुने तर सोडियमचेच आहेत. नमुना लावल्यावर दिसणारी केशरी गोळी मी आठ दिवस न बघता दारावरची काच पुसत होते. इंटर्नल स्टँडर्ड आता स्कँडियम (३६१.३८३) केलंय, यट्रियम बाजूला ठेवलं.

१४ मार्च

स्टँडर्डमध्येही ३ टक्के मीठ घालून मॅट्रिक्स जुळवलं. ब्लँकमध्ये, म्हणजे मोजायचं काहीच न घातलेल्या द्रावणात, जस्त आलं. मीठ नेहमीच्या प्रतीचं होतं. अतिशुद्ध मीठ मागवलं, यायला दोन दिवस.

१६ मार्च

इंजेक्टरच्या टोकाला पांढरं बोंड आलंय आणि टॉर्चची काच दुधाळ झालीय. मीठ धुऊन निघेल, दुधाळपणा निघणार नाही. तापलेल्या क्वार्ट्झवर सोडियम बसला की काच स्फटिकरूप घेते आणि ठिसूळ होते. या टॉर्चचं आयुष्य मी कमी केलंय, दोन आठवड्यांत.

२.५ मिलिमीटरचा इंजेक्टर लावला. रुंद भोकातून प्रवाह हळू जातो, टोक लवकर बुजत नाही. शेवटच्या नमुन्यानंतर दहा मिनिटं २ टक्के नायट्रिक आणि मग पाच मिनिटं पाणी, प्लाझ्मा पेटलेला असतानाच. आधी मी नमुने संपले की लगेच बंद करायचे, म्हणजे सगळं मीठ आतच वाळायचं.

आज आणखी एक हिशेब केला, जो पहिल्याच दिवशी करायला हवा होता. जस्त, मँगनीज आणि तांबं इतकं भरपूर आहे की दहापट पातळ केलेल्या नमुन्यात ते आरामात मोजता येतं. पातळ न करता फक्त कॅडमियम आणि शिसं मोजायला हवं. म्हणजे निम्म्याहून जास्त वाचनांसाठी मी टॉर्चमध्ये दहापट मीठ विनाकारण घातलं. आता दोन वेगळ्या फेऱ्या: सकाळी पातळ, दुपारी मूळ. खारट नमुना हातात आला की "किती पातळ करून चालेल" हा प्रश्न प्रत्येक मूलद्रव्यासाठी वेगळा विचारा.

१८ मार्च

यादीत बोरॉन आलं. समुद्राच्या पाण्यात ते लिटरमागे साडेचार मिलिग्रॅमच्या आसपास असतंच. मोजायला सोपं, जायला अवघड. १० मिलिग्रॅमच्या स्टँडर्डनंतर ब्लँक खाली यायला २४० सेकंद लागली. मँगनीजला ४५ पुरतात. बोरिक आम्ल चेंबरच्या भिंतीवरून बाष्पाने सुटत राहतं म्हणून शेपूट इतकी लांब. बोरॉनची फेरी वेगळी केली, धुण्याचा वेळ चार मिनिटं ठेवला, मोठी स्टँडर्ड शेवटी नेली. दुसरं काही केलं नाही.

२० मार्च

आर्सेनिक. मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम. फवाऱ्याने खारट नमुन्यात १८८.९७९ रेषेवर इतकं कमी विश्वासाने दिसत नाही. म्हणून हायड्राइड: नमुन्यात हायड्रोक्लोरिक आम्ल आणि सोडियम बोरोहायड्राइड मिसळायचं, आर्सेनिकचा हायड्राइड वायू (आर्साइन) होतो, तेवढाच वायू आर्गॉनबरोबर प्लाझ्मात जातो, मीठ मागे ड्रेनमध्ये राहतं. स्प्रे चेंबरच्या जागी वायू-द्रव वेगळं करणारी काचेची कुपी लावली. तीन टक्क्यांच्या जागी आता जवळजवळ सगळं आर्सेनिक प्लाझ्मात पोचणार.

बोरोहायड्राइड १ टक्का, ०.५ टक्के सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळवलेलं. रोज ताजं, उरलेलं उद्या वापरायचं नाही.

सिग्नल प्रचंड. पण नमुन्यात घातलेल्या आर्सेनिकपैकी ३८ टक्केच परत मिळालं, आणि प्लाझ्मा सारखा लवलवत होता.

२१ मार्च

लवलवण्याचं कारण हायड्रोजन. बोरोहायड्राइडमधून तो भरपूर सुटतो आणि प्लाझ्मावर भार येतो. बोरोहायड्राइड ०.६ टक्क्यांवर आणलं, प्लाझ्मा शांत. सिग्नल थोडाच कमी झाला.

३८ टक्क्यांचं कारण माझं दुर्लक्ष. मी घातलेलं आर्सेनिक पाच संयुजेचं होतं, आणि ते तीन संयुजेच्या आर्सेनिकपेक्षा फार सावकाश हायड्राइड होतं. नळीतल्या काही सेकंदांत ते होत नाही. आधी क्षपण करावं लागतं: पोटॅशियम आयोडाइड ५ टक्के आणि अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल ५ टक्के, त्यांचं द्रावण आम्लयुक्त नमुन्यात घालून खोलीच्या तापमानाला किमान अर्धा तास. स्टँडर्डनाही तेच, नाहीतर तुलना चुकते.

तीन नमुने तपकिरी झाले. त्यांत नायट्रिक आम्ल जास्त होतं, त्याने आयोडाइडचं आयोडीन करून टाकलं. ते तीन नमुने कमी नायट्रिक घालून पुन्हा तयार केले.

दुपारी परतावा ९७ टक्के.

२२ मार्च

"सेलेनियमही त्याच बाटलीतून काढता येईल का?" असं विचारणं आलं. करून बघितलं, शून्य आलं. आयोडाइड सेलेनियमला थेट मूलद्रव्यापर्यंत नेतं, मग हायड्राइड व्हायला काही उरत नाही. जास्त प्रमाणाच्या स्टँडर्डमध्ये तांबूस गढूळपणा डोळ्यांनी दिसतो. सेलेनियमसाठी वेगळी बाटली, आयोडाइड नाही, निम्मं तीव्र हायड्रोक्लोरिक घालून ९० अंशांना गरम करायचं. दोन मूलद्रव्यं, दोन तयाऱ्या. एका बाटलीत दोन्ही बसवायच्या नादात अर्धा दिवस गेला.

आणि ही गोष्ट कृपया गांभीर्याने घ्या. हायड्राइडच्या ड्रेनच्या बाटलीचं झाकण मी सवयीने घट्ट लावलं होतं. आत आम्ल आणि उरलेलं बोरोहायड्राइड यांची प्रक्रिया चालूच असते. अर्ध्या तासाने बाटली फुगलेली दिसली. लगेच सगळं थांबवलं, ताईंनी धूर-कपाटाची काच खाली ओढून आतूनच झाकण हळूहळू सैल केलं. आत हायड्रोजन, आणि थोडा आर्साइनही, जो अत्यंत विषारी आहे. ड्रेनची बाटली उघड्या तोंडाची, धूर-कपाटात, रुंद भांड्यात उभी. याला पर्याय नाही.

२३ मार्च

टॉर्चला तडा गेला, १६ तारखेला दुधाळ झालेलीच. नवी लावली.

२६ मार्च

शेवटची मोठी फेरी. बहात्तर खारट नमुने, सात तास, दर दहा नमुन्यांनी तपासणी स्टँडर्ड आणि ब्लँक. कॅडमियम सगळ्या तपासण्यांत ९६ ते १०३ टक्के, जस्त ९५ ते १०२. स्कँडियम शेवटी ९६. पाठदाब २०१ वरून २१०. ब्लँकच्या दहा वाचनांवरून काढलेली कॅडमियमची शोधमर्यादा लिटरमागे १ मायक्रोग्रॅमच्या किंचित खाली. शिसं (२२०.३५३) ५ मायक्रोग्रॅमवर थांबलं, त्याच्या रेषेची पार्श्वभूमी खारट नमुन्यात उचलली जाते. पार्श्वभूमी मोजायचा बिंदू एका बाजूला सरकवून बघितला तर थोडा फरक पडला, पुरेसा नाही.

खर्चाची नोंद, पुढे कुणाला अंदाज बांधायचा असेल म्हणून. एक नेब्युलायझर, एक टॉर्च, ओ-रिंग एक, पंपाच्या नळ्यांचे अकरा जोड. फुकट गेलेले प्लाझ्माचे तास २६. माझ्या यंत्राला तासाला साधारण ८०० लिटर आर्गॉन लागतो, म्हणजे ७ घनमीटरचे तीन सिलिंडर नुसते चुकांवर गेले. कामाचे दिवस चोवीस, त्यांतले नऊ मी ३ आणि ४ तारखेला पाठदाबाचा आकडा आधी बघितला असता आणि नेब्युलायझर बाथमध्ये ठेवला नसता तर वाचले असते.

आता यंत्राला चिकटवलेल्या कागदावर पेटवण्याआधी भरायचे चार रकाने आहेत: पाठदाब, नळी बदलल्याची तारीख, ड्रेनमधले हवेचे तुकडे सारखे आहेत का, चेंबरची काच ओली आहे का. ताईंनी पाचवा घातला: ओल्या आर्गॉनच्या बाटलीतलं पाणी. आज सकाळी ते खुणेच्या खाली गेलेलं होतं, भरलं.

शिशासाठी उद्या नायट्रिकऐवजी खारट ब्लँकवरच पार्श्वभूमीचे दोन्ही बिंदू पुन्हा ठरवते. क्लॅम्प सोडले आहेत.